ग्रेहाउंडचा जेरबंद: राजवाड्यामागच्या साजवाल्याकडचा पट्टा, झूल आणि एक फसलेलं मुसकं

आधीच सांगते, दुकान घोड्याच्या साजाचं आहे. लग्नातल्या घोडीचे झालर-गोंडे, लगाम, तंग, घुंगरांचे पट्टे, असलं सगळं. मी तिथून कुत्र्याचं सामान शिवून घेतलं आणि आता दीड वर्ष वापरून झालंय म्हणून लिहितेय. इंदूरमधे ग्रेहाउंड किंवा मुधोळ, कारवान असला लांब मानेचा कुत्रा कुणाकडे असेल तर त्यांच्या कामाचं आहे, लॅब्राडोरवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल, तुमचं सगळं कुठेही मिळतं.

आमचा पवन पंजाबातून आलाय. तिकडे गावोगाव ग्रेहाउंडच्या शर्यती होतात, किला रायपूरच्या खेळांचं नाव ऐकलं असेल, 1933 पासून चाललेत ते, बैलगाड्या, कबड्डी आणि त्यातच कुत्र्यांच्या शर्यती, दोरीने ओढलेल्या नकली सशामागे पळवतात. पळतोय तोवर बदाम-तूप, आणि पाय गेला की रस्ता. पवनचा पुढचा उजवा पाय मनगटाशी कधीतरी मोडून वाकडाच जुळलाय. चार वर्षांचा होता आला तेव्हा, म्हणजे कामाच्या हिशोबाने म्हातारा आणि आयुष्याच्या हिशोबाने पोरगा, कारण नीट ठेवला तर हा कुत्रा बारा-तेरा वर्षं सहज जगतो. माझी नणंद मेलबर्नला असते, तिच्याकडे तिथला रिटायर्ड रेसर आहे, तिकडे मोठे ट्रॅक आणि दत्तक द्यायची रीतसर सोय, त्यामुळे आमचं सगळं शिक्षण तिच्या व्हिडिओ कॉलवर झालं. ती पहिल्याच दिवशी म्हणाली वहिनी, कुत्रा नाही, सोफ्याचं कव्हर आणलंय असं समज. खरंय. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने पळणारं जनावर आणि घरात दिवसाचे सोळा-अठरा तास चारी पाय वर करून झोपलेलं असतं. सासूबाई म्हणतात याच्यापेक्षा आमचा पेन्शनर बरा, तो निदान पेपर आणायला तरी उठतो.

आता पट्ट्याचं. ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा बारीक किंवा फार तर तेवढंच असतं. हे वाचायला सोपं आहे, पण म्हणजे काय ते रस्त्यावर कळतं. आम्ही शहरातल्या एका मोठ्या पेट शॉपमधून (नाव घेत नाही) जाड नायलॉनचा पट्टा आणला, त्या मुलाने दोन बोटं घालून दाखवली, मॅडम एकदम परफेक्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी अन्नपूर्णा रोडवर पोह्याच्या गाडीजवळ खार दिसली. पवन पुढे गेला नाही हां, मागे सरकला, मान खाली घातली आणि पट्टा बांगडीसारखा उतरून माझ्या हातात. पुढचं मला नीट आठवत नाही, एक पांढरी रेघ गेली एवढंच. हे स्कूटर काढून केशरबागपर्यंत गेले, मी चपला हातात घेऊन उलट्या बाजूला, वीस मिनिटांनी हा कुठे सापडला तर त्याच पोह्याच्या गाडीमागे आडवा पडलेला, धापा टाकत, आणि पोहेवाला त्याच्यावर पाणी मारतोय. ट्रकखाली आला नाही हे नशीब. आणि नुसती हाक मारून परत येईल ही अपेक्षा ठेवू नका, पळायला लागला की त्याचे कान बंद होतात, डोळे तेवढे चालू. नजरेने शिकार करणारी जात आहे ही, वासाने नाही. बाहेर नेलं की दोरी सोडायची नाही, कितीही शहाणा झाला तरी.

नणंदेने सांगितलं मार्टिंगेल कॉलर घ्या. ऑनलाइन पाहिले तर रुंद असलेले सगळे बाहेरचे, शिपिंग धरून जीव जाईल अशी किंमत, आणि इथले जे मार्टिंगेल म्हणून विकतात ते अर्ध्या-पाऊण इंचाचे, असल्या मानेत ते दोरीसारखे रुततात. मग आमच्या ह्यांना सुचलं की चामड्याचं काम आहे तर घोड्याच्या साजवाल्याला विचारू. राजवाड्याच्या मागे बर्तन बाजारच्या बाजूने आत गेलं की एक बोळ आहे, गाडी जात नाही, स्कूटरसुद्धा कुणाच्या तरी ओट्याला टेकवावी लागते. दुकानाला पाटी नाही, बाहेर गोंडे लटकलेले दिसतात. काका सत्तरीचे असतील, मराठी आपल्यासारखंच, अर्धं हिंदीत बुडवलेलं. ते म्हणतात त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळाचा साज करायचे. असेल. इंदूरात प्रत्येक मराठी माणसाचे पूर्वज होळकरांकडे काही ना काही करतच होते, आमच्याकडे तर दोन-दोन फडणीस निघतात.

मी म्हटलं काका, मार्टिंगेल पाहिजे. ते म्हणाले घोडा कुठाय? मी म्हटलं कुत्रा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग कळलं की मार्टिंगेल हा मुळात घोड्याच्याच साजातला शब्द, घोड्याने मान वर झटकू नये म्हणून पोटाखालच्या तंगापासून पुढे येणारी पट्टी, आणि आपल्याकडे तिचं नाव जेरबंद. मला हे माहीतच नव्हतं! रोज पेपरात वाचतो, सोनसाखळी चोर जेरबंद, बिबट्या जेरबंद, आणि हा जेरबंद तिथे खुंटीला लटकलेला, तेल लावून. कुत्र्याचा प्रकार वेगळा असतो, तो मी मोबाइलवर दाखवला: एक मोठा पट्टा, त्याच्या दोन टोकांना दोन कड्या, त्या कड्यांतून जाणारा एक लहान फास, आणि दोरी त्या लहान फासाला. कुत्र्याने मागे ओढलं की लहान फास मोठ्याच्या कड्या जवळ आणतो, पट्टा आवळतो पण ठरलेल्या मापापर्यंतच. गळा घोटत नाही आणि डोकं निघत नाही. काकांनी फोटो एकदाच पाहिला आणि म्हणाले, समजलं ताई, कुत्र्याला घेऊन या, फोटोवरून मी गाढवाचा पण पट्टा करत नाही.

घेऊन गेलो. इथून माझे पाच स्टार सुरू होतात. पवन आत शिरला, सगळीकडे हुंगलं, आणि सरळ काकांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला, सगळं वजन टाकून. काका घाबरले, चक्कर आली का याला? मी म्हटलं नाही, ही यांची पद्धत आहे, आवडलं माणूस की रेलतात. खाली बस म्हटलं तर बसत मात्र नाही, मांड्यांचे स्नायूच असे की टेकून बसणं जमत नाही, एक तर उभा नाही तर आडवा. मग तो कोपऱ्यातल्या नमद्यांच्या, म्हणजे खोगिराखालच्या जाड घड्यांच्या, ढिगावर चढून झोपला, डोळे अर्धे उघडे ठेवून, कारण असेही झोपतात हे. दुकानातल्या पोऱ्याला वाटलं जागा आहे, त्याने पाठीवर थाप मारली आणि पवन दचकून उठला, हवेत दात वाजवले, कुणाला लागलं नाही. माझा चेहरा पडला, वाटलं आता बाहेर काढतात. काका पोऱ्यालाच म्हणाले, घोड्याला मागून हात लावतो का कधी? आधी आवाज दे. अगदी हेच आम्हाला नणंदेने सांगितलं होतं, आयुष्यभर जाळीच्या खुराड्यात एकटे झोपलेले कुत्रे, झोपेत कुणी हात लावायची सवयच नाही, हाक मारून उठवायचं. ते शिकायला आम्हाला पंधरा दिवस आणि सासूबाईंची एक किंकाळी लागली होती.

माप त्यांनी टेपने घेतलं नाही, सुतळीने घेतलं. कानांच्या लगेच मागे एक गाठ, मानेच्या मधोमध दुसरी, डोक्याच्या सगळ्यात रुंद भागावर तिसरी. तिसरी आणि पहिली गाठ जवळजवळ एकाच जागी आली तेव्हा स्वतःशीच हसले. पट्टा दोन इंच रुंद, आतून मऊ बकऱ्याचं कातडं, बाहेर म्हशीचं, शिवण हाताची, मेणाच्या दोऱ्याची. पूर्ण आवळला तरी दोन कड्यांमधे दोन बोटांचं अंतर राहतं, तेवढंच राहायला पाहिजे. कड्या एकमेकींना टेकल्या तर समजा पट्टा सैल आहे, अजून आवळायला जागाच उरली नाही. आणि बसवायचा मानेच्या वरच्या बाजूला, कानांमागे, खाली खांद्याकडे ढिला सोडायचा नाही. दीड वर्षात एकदाही निघाला नाही, आणि खारी काही कमी झालेल्या नाहीत.

तक्रारी आहेतच. एक म्हणजे रंग. पहिल्या पावसात पवनच्या पांढऱ्या गळ्याला लालसर कडं आलं, आम्ही रक्त समजलो आणि रात्री नऊला धावपळ. काका म्हणाले आधी सांगायचं ना पांढरा आहे म्हणून, अहो तुमच्या समोर दोन तास झोपला होता! परत बिनरंगाचा करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तीन आठवडे लावले. दुसरं म्हणजे आधी लोखंडी कड्या लावल्या होत्या, गंज धरला, पितळी मागा. तिसरं, वेळेचं. मंगळवारी म्हणाले तर तो कुठला मंगळवार हे विचारून घ्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नसराई, तेव्हा तुमचा कुत्रा रांगेत शेवटी.

झूल हा खरा हिरो आहे पण. ग्रेहाउंडच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, केस आखूड, कातडी कागदासारखी. काटेरी झुडपाला घासला की आपल्याला खरचटेल तिथे त्याची कातडी उघडी पडते, मागच्या वर्षी गेटच्या तारेला लागून चार टाके पडलेत. आपल्याकडे लोकांना वाटतं इंदूरला कुठे थंडी, कुत्र्याला स्वेटर म्हणजे श्रीमंतांचे चोचले. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दहाच्या खाली जातात हो, आपण सराफ्यात गराडू (तळलेला कंद) खात शाल गुंडाळून उभे असतो आणि हा बिचारा फरशीवर थरथरतो. बाजारातले कोट पग जातीच्या कुत्र्याला घातले की छान दिसतात. पवनला घातला तर छातीवर शिवण उसवली आणि पोटाकडे तंबू, कारण याची छाती घोड्यासारखी खोल आणि कंबर गांधीलमाशीसारखी. सासूबाईच म्हणाल्या, पोळ्याच्या बैलासारखी झूल शिवून घ्या की. आणि काकांना झूल म्हटल्यावर वेगळं काही समजवावंच लागलं नाही. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत एक माप, छातीच्या सगळ्यात खोल जागी एक, कंबरेला एक. पोटाखालून रुंद तंग, पुढे छातीवर दुहेरी कापड, गळ्याला वर दुमडता येईल अशी पट्टी, ती कानांवर ओढली की मफलर होतो.

पहिली झूल आतून कांबळीची केली, उबदार, पण टोचायची. पवन पुतळ्यासारखा उभा राहायचा, ही यांची सवय आहे, नको ते घातलं की हलतच नाहीत, म्हणून आम्हाला आठ दिवस वाटलं त्याला आवडलीय. काखेत लाल झालेलं दिसलं तेव्हा कळलं. मग आत जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं, माझीच साडी, महेश्वरी, किनारीसकट. तेव्हापासून कॉलनीत लोक फोटो काढतात. एक आजोबा रोज विचारतात मुधोळ का हो हा? मी रोज सांगते नाही, चुलतभाऊ समजा. ते रोज सांगतात की मुधोळच्या राजाने असले कुत्रे इंग्लंडच्या बादशहाला दिले होते आणि मुधोळवर 2005 साली पोस्टाचं तिकीट निघालंय. खरं आहे ते, पण रोज?

उन्हाळ्यात झूल बंद, तेव्हा उलटा त्रास, मे महिन्यात पहाटे साडेपाच आणि रात्री दहानंतरच फिरवणं, कारण गरमीसुद्धा यांना सोसत नाही. मी लोभाने विचारलं पाण्यात भिजवून घालायची पातळ झूल करता का, तर काका म्हणाले ओला फडका टाका ना, त्याचे पैसे कशाला देता. असा दुकानदार हल्ली कुठे मिळतो.

आता मुसकं. इथे एक स्टार कापते. शर्यतीच्या कुत्र्यांना मुसक्याची सवय असते, सुरुवातीला मांजरं आणि छोटे कुत्रे असतील तिथे ते लागतंच. नणंदेच्या राज्यात, व्हिक्टोरियात, पाळलेल्या ग्रेहाउंडला रस्त्यावर मुसकं सक्तीचं होतं, 2019 पासून ती सक्ती गेली, पण ती म्हणते पहिले सहा महिने तरी ठेवाच. आमच्या शेजारच्या काकूंकडे तीन मांजरं, म्हणून मी करायला दिलं. काकांनी बैलाला मळणीच्या वेळी बांधतात तसं सुती दोरीचं जाळीदार मुसकं विणून दिलं, दिसायला इतकं सुंदर की भिंतीला टांगावं. आता ते भिंतीलाच आहे. पवनने पुढच्या पंज्याने दोन मिनिटांत उतरवलं, घट्ट बांधलं तर तोंड उघडून धापा टाकता येईनात, आणि कुत्र्याला अंगातली गरमी तिथूनच काढायची असते. यासाठी तारेचं किंवा प्लास्टिकचं टोपलीसारखं लागतं, ज्यात तोंड पूर्ण उघडतं आणि पाणी पिता येतं. ते शेवटी नणंदेने कुणाबरोबर तरी पाठवलं. काकांना सांगितलं तर थोडे रागावले, बैल तर कधी काही बोलला नाही म्हणाले.

एक गोष्ट जी मी मागितली नव्हती आणि सगळ्यात कामाची निघाली. मार्टिंगेल घरात काढून ठेवायचा असतो, कुठे अडकला तर आवळेल. मग घरातून पळून गेला तर ओळख काय? काकांनी उरलेल्या कातड्याचा बोटभर रुंद हलका पट्टा केला आणि त्यावर ठप्प्यांनी नाव, फोन नंबर उठवून दिला, घोड्यांचे तसेच करतात. मला एकदम आठवलं आणि मी दुसऱ्या बाजूला अजून एक ओळ घालायला सांगितली: ग्रेहाउंड, थायोपेंटोन देऊ नये. ही जुनी भूल आहे, इतर कुत्री त्यातून लवकर उठतात, ग्रेहाउंडचं लिव्हर ते औषध फार हळू मोडतं आणि अंगात चरबी नाही म्हणून ते रक्तातच राहतं, जिवावर बेतू शकतं. दुसरी सुरक्षित औषधं आहेत, फक्त डॉक्टरला माहीत पाहिजे समोर कोण आहे. आणि माहीत नसतं हा माझा अनुभव. गेल्या वर्षी एका क्लिनिकमधे रक्त तपासलं, प्लेटलेट कमी आले, लगेच गोचिडतापाची महिनाभराची गोळी सुरू. वर तांबड्या पेशी जास्त म्हणून पाणी कमी पडतंय सांगितलं, सलाईन लावलं. नंतर महूच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरने कागद पाहिला आणि म्हणाला, अहो ग्रेहाउंडचं रक्त असंच असतं, तांबड्या पेशी जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉईडसुद्धा कमी दिसतं. त्याने गोचिडतापाची वेगळी टेस्ट केली, कारण आपल्याकडे गोचीड असतातच, नुसतं जात तशी म्हणून सोडून द्यायचं नाही. निगेटिव्ह आली. तर त्या पट्ट्यावरची ओळ बघून आता कुठलाही डॉक्टर निदान एकदा विचारतो तरी. फक्त काकांनी ठप्पे मारताना ग्रेहाउंडचं "ग्रेहांड" केलंय. मी काही बोलले नाही. थायोपेंटोन मात्र अक्षर न अक्षर बरोबर, मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं.

गादी ते करत नाहीत, म्हणाले पिंजाऱ्याकडे जा. तीही लागतेच, कोपरांवर मांस नाही, फरशीवर झोपून झोपून घट्टे पडतात आणि मग फुटतात. आम्ही जुन्या कापसाची चार इंची भरून घेतली, शेवटी तो सोफ्यावरच झोपतो ते वेगळं.

हिशोब सांगते, तेव्हाचे भाव, आता वाढले असतील: मार्टिंगेल 650, पितळी कड्यांचे 80 वेगळे, झूल 1100 अस्तर आपलं, नावाचा पट्टा 150, मुसकं 200 (वाया). रोख न्या, यूपीआयचा कागद लावलाय पण तो पुतण्याचा आहे आणि पुतण्या नसतो. फोन आहे, उचलत नाहीत. दुपारी दोन ते चार काका त्याच नमद्यांवर झोपतात, तेव्हा जाऊ नका. गेलात आणि झोपलेले दिसले तर लांबूनच आवाज द्या.